बाबांच्या बंदुकीचे दोन स्क्रू

बंदुकीच्या दस्त्याला रबराची गादी बसवायला पंधरा मिनिटं लागतात, असं पाकिटावर छापलेलं होतं. मला एकोणीस दिवस लागले. त्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘योग्य हत्यार वापरा’ असंही होतं. ज्यानं हे छापलं त्याला शेजारी नसावेत, भाऊ नसावा, आणि त्याचे वडील स्क्रूंच्या बाबतीत उदार मनाचे असावेत.

आमचे नव्हते.

बाबा मार्चमध्ये गेले. भेटायला आलेल्यांनी आणलेली कॅसरोलची भांडी मी जूनपर्यंत परत करत होते. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे आमच्याकडे दुःखालाही परतीचा पत्ता असतो. भांडी संपली आणि मला वाटलं, झालं, आता सगळं आटोपलं. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी माझ्या धाकट्या भावाचा, क्रेगचा, फोन आला.

"रोंडा, मचाणाचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"शिकारीचा मोसम तोंडावर आलाय. रिकामं ठेवणं बरं दिसत नाही. ट्रेव्हर विचारत होता."

ट्रेव्हर म्हणजे क्रेगच्या बायकोचा भाऊ. माणूस वाईट नाही. इलिनॉयचा आहे. त्याच्याकडे फोनवरून चालू-बंद होणारी शेगडी आहे आणि तो हरणांना भुलवायला अंगाला सफरचंदाच्या वासाचं काहीतरी लावतो. बाबांनी देवदारांच्या दलदलीवर स्वतःच्या हातानं बांधलेल्या मचाणात, जिथं ते त्रेचाळीस मोसम काळ्या कॉफीवर आणि सॉसेजच्या सँडविचवर बसले, तिथं आता सफरचंदाचा वास येणार होता.

"मी बसेन," मी म्हणाले.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"तू शेवटची कधी बसलीस?"

"शहाण्णव साली."

"आणि खांद्याचं ऑपरेशन?"

"बाबांच्या बंदुकीला गादी बसवून घेते. डॉक्टर म्हणाले, धक्का झेलणारी गादी असेल तर चालेल."

डॉक्टर असं म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

"बघ बाई," क्रेग म्हणाला. "नियम तुला माहीत आहे. मी बाबांचा नियम मोडणार नाही."

बाबांचा नियम असा: मोसमाआधीच्या रविवारी दुपारी तीनच्या आत, गावच्या बंदूक क्लबात, स्वतः वापरायच्या बंदुकीनं, थाळीएवढ्या कागदात तीन गोळ्या. ज्याला हे जमेल तो शनिवारी मचाणावर. ज्याला जमणार नाही त्यानं घरी राहून सूप करावं. या नियमापायी आमच्या घरातल्या दोन काकांनी आयुष्यभर फार चांगलं सूप केलं.

"सतरा तारीख, तीन वाजता," क्रेग म्हणाला. "नाहीतर ट्रेव्हर."

आता दुसऱ्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

बाबांची बंदूक एकसष्ट सालची. दस्त्याच्या मागे, जिथं खांदा टेकतो, तिथं पोलादाची सपाट पट्टी आणि तिला वर-खाली दोन स्क्रू. या दोन स्क्रूंच्या खाचा कारखान्यातून आल्या तशा कोऱ्या होत्या. एक ओरखडा नाही. बाबा बोलायचे कमी, पण एवढं वाक्य आम्ही पाळण्यापासून ऐकलं होतं: माणूस कसा आहे ते त्याच्या स्क्रूच्या खाचेत दिसतं. कुणी हौसेनं आपली बंदूक दाखवली की बाबा ती उलटी करायचे, स्क्रू बघायचे आणि परत द्यायचे. खाच चावलेली असली तर म्हणायचे, "वेगळीच आहे." आमच्या भागात याहून वाईट काही बोलत नाहीत. माझ्या होणाऱ्या नवऱ्याची बंदूकही त्यांनी अशीच उलटी करून पाहिली होती आणि असंच म्हटलं होतं. मी लक्ष दिलं नाही. सहा वर्षांनी वकिलाच्या ऑफिसात बसले असताना मला ते स्क्रू आठवले.

तर नियम दुसरा: बाबांच्या बंदुकीच्या स्क्रूंना कुणी हात लावायचा नाही. क्रेगनं नाही, मी नाही, गावच्या बंदूक दुरुस्तीवाल्यानंही नाही. आणि गादी बसवायची म्हणजे आधी ती पट्टी काढायची.

दस्त्यावर नुसती चढवायची रबरी टोपीही मिळते. हत्यार लागत नाही, अर्ध्या मिनिटाचं काम. पण बाबा तिला ‘बंदुकीचा गमबूट’ म्हणायचे. त्यांच्या बंदुकीला गमबूट घालून त्यांच्याच मचाणात बसणं माझ्यानं झालं नसतं.

गादी मी बाबांच्याच खात्यावरून मागवली. ते एका शिकारसामानाच्या कंपनीचे जुने गिऱ्हाईक, त्यांचं सगळं तिथं आधीच भरलेलं होतं. पत्ता माझा घातला. नावही खोडून माझं घालायचं होतं. बोट त्या जागी गेलं आणि परत आलं. राहू दे म्हटलं, पार्सल तर माझ्याच पत्त्यावर येणार.

ते पोस्टात अडकलं. पोस्टात मार्लिस बसते. ती शाळेत माझ्या दोन वर्षं पुढं होती आणि अजून आहे.

"ऑर्लन तोर्गर्सन यांच्या नावाचं आहे," ती म्हणाली. "ते वारलेत."

"मला माहीत आहे, मार्लिस. तू दफनाला होतीस."

"होते. तुमच्याकडचे लिंबाचे गोड बार फार छान होते. पण एप्रिलात आमच्याकडे फॉर्म आलाय, की ते गेले, त्यांच्या नावाचं काही देऊ नये. कुणीतरी फार व्यवस्थित भरलाय."

"मीच भरलाय."

"मग कळलंच असेल तुला. मी देऊ शकत नाही." तिनं पार्सल उचलून कानाशी हलवलं. "पण मला एक सांग, त्यांनी मागवलं कसं?"

मी ग्रंथालयात नोकरी करते. चुकीच्या नावावर गेलेलं पुस्तक परत मिळवणं काय असतं हे मला ठाऊक आहे, म्हणून मी वाद घातला नाही. वारसा-कार्यालयाचं पत्र आणलं. पत्रात बाबांच्या नावातलं मधलं अक्षर नव्हतं. मधल्या अक्षरासकट आणलं. तोवर आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मार्लिसनं पार्सल दिलं आणि वहीत सही घेताना हळूच म्हणाली, "त्यांच्या नावाचं काहीतरी अजून येतंय हे मला बरं वाटत होतं गं." मी सही केली.

घरी पोचले तर वेंडेल अंगणात उभे. वेंडेल आमचे शेजारी. तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं, त्यामुळे आजही कुणाच्या हातात लाकूड दिसलं की ते येऊन उभे राहतात. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराभोवती रंगानं त्याची आकृती काढलेली आहे. हत्यार जागेवर नसलं तर तिथं त्याचं भूत दिसतं.

"गादी ना? पाच मिनिटांचं काम," ते म्हणाले. "पण गादीनं दस्ता इंचभर लांब होईल. तुझे हात आखूड आहेत. आधी दस्ता इंचभर कापू."

"वेंडेल, दस्ता कापायचा नाहीये."

"करवत धारदार आहे माझी."

"म्हणूनच."

ते जरा खट्टू झाले. मग त्यांनी सात स्क्रूड्रायव्हर आणले. मी एकेक खाचेत टेकवून पाहिला. काही रुंद, काही अरुंद, आणि जो बसल्यासारखा वाटला तो जरा दाबला की वर सटकायचा. स्क्रू त्रेसष्ट वर्षं तिथं बसलेले, त्यांची हलायची इच्छा नव्हती.

"लोण्याची सुरी आण," वेंडेल म्हणाले. "पातळ असते. माझी आई सगळं घर लोण्याच्या सुरीनं सोडवायची."

"आमच्या घरात नको," मी म्हणाले.

आमच्या घरात लोण्याच्या सुरीला इतिहास आहे. आईच्या लग्नातली चांदीची बारा ताटांची सुरी-काट्यांची पेटी. एकोणऐंशी साली थँक्सगिव्हिंगच्या सकाळी आईनं पेटी उघडली तर एका लोण्याच्या सुरीचं टोक गायब. मी नऊ वर्षांची होते आणि आदल्या आठवड्यात रंगाचा डबा उघडताना सापडले होते, तेही चमच्यानं. चौकशी झाली नाही. आमच्याकडे चौकशी करत नाहीत, रागावतही नाहीत. आईनं ती तुटकी सुरी मुकाट्यानं माझ्या ताटाशी ठेवली. पुढल्या वर्षीही ठेवली. माझं लग्न झालं त्या वर्षी, घटस्फोट झाला त्या वर्षी, गेल्या वर्षी, अशी पंचेचाळीस वर्षं. मी पहिल्या वर्षी एकदाच म्हणाले होते, "मी नाही तोडली." बाबा म्हणाले होते, "बटाटे पुढे कर."

तर लोण्याची सुरी नाही.

गावच्या बंदूक दुरुस्तीवाल्याच्या दारावर पाटी होती: ‘मोसमाआधीची कामं आता मोसमानंतर.’ शेवटी मी क्लबात गेले. क्लबाचं सगळं बेव्ह बघते. सत्तरीची बाई, नारिंगी टोपी, आवाज असा की गोळीबारातही ऐकू यावा. तिनं माझ्या हातातला वेंडेलचा स्क्रूड्रायव्हर दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखा वर उचलला.

"हा खिडक्यांसाठी. टोक पाचरीसारखं निमुळतं, बघ. खाचेच्या तोंडाशीच टेकतं, तळाला पोचत नाही, म्हणून सटकतं आणि खाच चावतं. बंदुकीला टोक सरळ लागतं. खाचेत गच्च बसणारं, ना रुंदीला कमी ना जाडीला. ऑर्लनच्या मुलीला हे मी सांगायचं?"

"त्यांनी आम्हाला हात लावू दिला नाही कधी."

"हं," बेव्ह म्हणाली. "बरोबर टोकांची पेटी आहे क्लबाची. पण सभासदांनाच."

"बाबा आजीव सभासद होते."

"आजीव म्हणजे आजीव, रोंडा."

ती हे फार मायेनं म्हणाली. मग फॉर्म काढला. नव्या सभासदाला दोन जुन्यांच्या सह्या हव्यात. एक वेंडेलची मिळाली, दस्ता न कापण्याबद्दलची नाराजी नोंदवून. दुसरी मार्लिसची. तिनं माझं ओळखपत्र मागितलं. पेटी नेण्याचा फॉर्म वेगळा. त्यात ‘बंदुकीशी नातं’ असा रकाना होता. मी बराच वेळ पेन धरून बसले आणि लिहिलं, ‘मुलगी’.

अशा रीतीनं सोळा तारीख उजाडली, शनिवार.

बंदूक रिकामी आहे हे मी दोनदा पाहिलं, वेंडेलनी तिसऱ्यांदा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल, त्यावर बंदूक. बेव्हनं बजावलं होतं, तेल ओतू नकोस, लाकूड खराब होतं. स्क्रूला ऊब दे. म्हणून वेंडेलनी डाख द्यायची कांडी तापवून वरच्या स्क्रूच्या माथ्यावर धरली. मी पेटीतलं टोक निवडलं. ते खाचेत असं बसलं की मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. दाबलं, फिरवलं, एक बारीक कुरकुर झाली आणि स्क्रू निघाला. कोरा. ओरखडा नाही. वेंडेलनी टोपी काढली.

खालचा स्क्रूही हलला. अर्धा फेरा आला. आणि त्या क्षणी वेंडेल म्हणाले, "सावकाश हं," आणि मी त्यांच्याकडे बघितलं.

टोक सटकलं. आवाज फार लहान झाला.

खाचेच्या कडेला चकचकीत पांढरा ओरखडा, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि कड वर उचललेली. त्रेसष्ट वर्षं त्या स्क्रूला काही झालं नव्हतं. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते आणि मी पोचले होते.

वेंडेल म्हणाले, "यापेक्षा वाईटही झालं असतं."

"कसं?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "करवत," ते म्हणाले.

मी खुर्चीत बसले. मला वाटलं, द्यावं सोडून. ट्रेव्हरनं बसावं, शेगडी लावावी, मी सूप करावं; आमच्याकडे त्याची परंपरा आहे. मार्चपासून मी रडले नव्हते आणि एका स्क्रूवर रडायची माझी तयारी नव्हती. पण स्क्रू अर्धा बाहेर होता आणि तसा ठेवणं अव्यवस्थित दिसलं असतं, म्हणून मी तो काढला. पट्टी सैल झाली. उचलली.

दस्त्याच्या लाकडात कारखान्यातच पाडलेलं एक पोकळ भोक असतं, वजन कमी करायला. त्यात पावाच्या मेणकागदाची पुडी होती, शेंगदाण्याएवढी.

"त्यांनी काही लपवलंय," वेंडेल कुजबुजले. का कुजबुजले कुणास ठाऊक.

मी पुडी उलगडली. आत एक स्क्रू होता, पट्टीच्याच मापाचा. त्याची खाच चावलेली, कुरतडलेली, खड्डा पडलेली. कुणीतरी आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, मग नुसत्या संतापानं प्रयत्न केलेला. माझा तांदळाचा दाणा त्याच्यापुढं काहीच नव्हता. आणि त्याच्या शेजारी चांदीचा एक तुकडा, नखाएवढा, एका बाजूनं गोल, दुसऱ्या बाजूनं तिरका तुटलेला.

मला तो ओळखायला क्षणही लागला नाही. जे त्या सुरीवर नव्हतं त्याचा आकार मी पंचेचाळीस वर्षं ताटाशेजारी बघत आले होते.

वेंडेलनी तुकडा हातात घेतला, स्क्रू घेतला, भिंगातून दोन्ही पाहिले. "लोण्याची सुरी," ते म्हणाले, शिक्षकाच्या आवाजात. "मोडली. मग नवीन स्क्रू आणून लावलाय. वरचा मूळचा, खालचा नवा. आणि हे..." त्यांना योग्य शब्द सापडेना. "हा पुरावा."

आणि मग मला तो नियम कळला. स्क्रूंना कुणी हात लावायचा नाही. आम्हाला वाटलं होतं ते तत्त्व होतं. ते कुलूप होतं.

मी हसायला लागले. वेंडेल आधी घाबरले, मग तेही हसले, मग त्यांनी मला टॉवेल दिला, बंदुकीखालचा, कारण डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते काही केल्या थांबेना. बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बाबा मला स्वयंपाकघरात दिसत होते: चाळिशीतले, धांदल उडालेले, हातात आईची सुरी, कान दाराकडे.

उरलेलं काम तासाभरात झालं. गादी दस्त्यापेक्षा मोठी निघाली. वेंडेलनी घासून मापाची केली आणि तीन दिवस आमच्या रस्त्याला टायर जळाल्यासारखा वास येत होता. जुनी भोकं जुळेनात, ती काड्या आणि गोंदानं भरली. गादीबरोबर आलेल्या नव्या स्क्रूंना फुलीची खाच होती. त्यांना वेंडेलचा साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर चालला.

गादी लावण्याआधी मी त्या मेणकागदात बाबांचा स्क्रू आणि शेजारी माझा ओरखडलेला स्क्रू गुंडाळून पुडी परत भोकात ठेवली. चांदीचा तुकडा मात्र खिशात ठेवला.

रविवारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी मी क्लबात पोचले. क्रेग घड्याळ बघत होता. ट्रेव्हर आपल्या बंदुकीसह होता. तिच्यावर दुर्बीण, दिवा, पट्टे, तिवई, थंडीत बोटं घालायची पिशवी असं इतकं काही होतं की बंदूक शोधावी लागे. माझी पहिली गोळी थाळीच्या काठावर, दुसरी आत, तिसरी दुसरीच्या शेजारी. खांद्याला धक्का बसला तो उशीवर डोकं टेकावं तसा.

"तिन्ही आत," बेव्ह ओरडली. तिनं माझ्या हातून बंदूक घेतली, सवयीनं उलटी केली आणि गादीकडे बघितलं. "हं. नीट बसलीये."

ट्रेव्हर जवळ आला. "छान झालं. पण तुम्ही ती चढवायची टोपी का नाही घेतली? अर्ध्या मिनिटाचं काम."

क्रेगनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेलं. माझा भाऊ वाईट नाही.

शनिवारी मी मचाणात बसले. सकाळी साडेआठला हरणाची एक मादी दलदलीच्या कडेनं आली, थांबली, माझ्याकडे बघत राहिली आणि गेली. मी बंदूक उचलली नाही. सँडविच खाल्लं. कॉफी बाबांसारखी काळी नेली होती. ती भयंकर होती. त्यांना ती कधी आवडत असेल असं मला आता वाटत नाही.

आईकडे मी बुधवारी गेले. ती म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहते, दोन खोल्या, चांदीची पेटी पलंगाखाली. मी टेबलावर तो तुकडा ठेवला आणि कुठं सापडला ते सांगितलं. पंचेचाळीस वर्षांनी निर्दोष सुटणार म्हणून मी चांगला ब्लाउज घातला होता.

आईनं तुकड्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "एक्क्याण्णव साली सांगितलं त्यानं मला."

"एक्क्याण्णव?"

"न्यूमोनिया झाला होता तेव्हा. मरतो की काय असं वाटलं त्याला. बरा झाल्यावर फार अवघडला होता."

"आई. तेहतीस वर्षं तुला माहीत होतं. आणि सुरी माझ्याच ताटाशी?"

"अगं, एकदम बंद केली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं ना, काय झालं म्हणून." ती तुकडा पदक धरावं तसा उजेडात धरून बघत होती. "माणूस जिवंत असताना त्याला जेवणाच्या टेबलावर लाजवू नये. आणि तू कधी काही बोलली नाहीस. मला वाटलं, तुला सवय झाली असेल."

मी म्हणाले, "कॉफी करू?" ती म्हणाली, "कर."

दुसऱ्या दिवशी क्रेगच्या घरी थँक्सगिव्हिंग. आई नेहमीसारखी चांदीची पेटी घेऊन अर्धा तास आधी आली आणि कुणालाही हात लावू न देता टेबल मांडायला घेतलं. बाबांची खुर्ची क्रेगनं भिंतीला लावून ठेवली होती, कुणाला त्रास नको म्हणून. आईनं ती ओढत आणली आणि टेबलाशी लावली. ताट ठेवलं नाही. नुसती ती सुरी ठेवली, आणि सुरीच्या पुढं, जिथं टोक असायला हवं तिथं, तो चांदीचा तुकडा.

बटाटे फिरले. मग ट्रेव्हरनं, तो चांगल्या मनाचा आहे, त्या खुर्चीकडे बघून विचारलं, "ती सुरी मोडलीये, दुसरी आणू का?"

"नको," आई म्हणाली. "ज्याची आहे त्याच्याजवळ आहे."

क्रेगनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "बटाटे पुढे कर."

मग मी पावाला लोणी लावलं. टोक असलेल्या सुरीनं लोणी पावाच्या कोपऱ्यापर्यंत जातं. मला हे माहीत नव्हतं.